हात जुना, डोळा नवा

जव्हारला गेलेला माणूस शिरपामाळ पाहिल्याशिवाय परतत नाही. १६६४च्या सुरतेच्या स्वारीला निघालेले शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांना मानाचा शिरपेच चढवला, आणि त्यावरून माळाला हे नाव पडलं, असं जव्हारमध्ये सांगतात. त्या भेटीचं इतिहासकार पाहतील. मला त्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांनी पकडून ठेवलं.

शिरपेच हा शब्द मुळात फारसी ‘सरपेच’. सर म्हणजे डोकं, पेच म्हणजे वेढा. त्याचाच सोबती शिरपाव. आज आपण शिरपाव म्हणजे नुसतं बक्षीस समजतो, पण तो ‘सर-ओ-पा’, म्हणजे डोकं आणि पाय. दरबारात डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख देऊन गौरव करायचे, तो पोशाख म्हणजे सरोपा. मराठी माणसाने त्यातला ‘सर’ ऐकला, त्याला तो ओळखीचा वाटेना, म्हणून त्याने त्याचं ‘शिर’ करून टाकलं. शब्द चुकीचा ऐकून आपल्या सोयीचा करून घ्यायचा, हा जगभरचा उद्योग. गंमत अशी की इथे चूक करताना नेम बरोबर लागला. फारसीतलं सर आणि संस्कृतातलं शिरस् हे खरोखरच एका आजीचे नातू. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेल्या चुलतभावाला आपण नकळत घरातल्या नावाने हाक मारली. हाच ‘सर’ सरदारात आहे, सरहद्दीत आहे, सरकारात आहे. ग्रामपंचायतीच्या पाटीवरचा सरपंच तर अर्धा फारसी आणि अर्धा संस्कृत.

भाषांची नाती जुळवणाऱ्या लोकांना अवयवांची नावं फार प्रिय असतात. टोमॅटो आला की त्याचं नाव बरोबर येतं. कोर्ट आलं की समन्स, अपील असा सगळा लवाजमा येतो. हात मात्र कुणी बाहेरून आणत नाही. तो आधीपासून असतो, मूल बोलायला लागायच्या आत त्याला दाखवलेला असतो. ‘नाक कुठंय? कान कुठंय?’ हा खेळ खेळला जात नाही असं घर सापडणं कठीण. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश यांनी १९५०च्या दशकात भाषांची तुलना करायला शंभर शब्दांची यादी केली, तिच्यातले पाव शब्द शरीराचे आहेत. (हा ‘पाव’सुद्धा पायच. संस्कृत पाद म्हणजे पाय, आणि चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा.) पुढे २००९ साली लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतून जगातल्या ४१ भाषांमधल्या उसन्या शब्दांचा मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. धर्माच्या क्षेत्रातले सुमारे ४१ टक्के शब्द उसने निघाले, कपडे आणि घर फार मागे नव्हते, आणि शरीराचे शब्द तळाजवळ, सुमारे १४ टक्क्यांवर. देव परका चालतो, कोपर परकं चालत नाही.

याच जाणिवेने, कितीतरी आधी, ब्रिटिश अधिकारी जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत प्रत्येक बोलीला एकच ठरावीक शब्दावली विचारायला लावली होती. आधी आकडे, मग मी-तू-तो, आणि लगेच बारा अवयव: हात, पाय, नाक, डोळा, तोंड, दात, कान, केस, डोकं, जीभ, पोट, पाठ. त्यानंतर थेट लोखंड, सोनं, चांदी. त्या पाहणीचा मराठीचा खंड १९०५ सालचा. वारली आणि कातकरी त्यांनी मराठीच्या खंडात घातल्या, कोकणा मात्र भिल्ली बोलींच्या खंडात नेऊन बसवली. जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या आठवडे बाजारात या तिन्ही एकाच टोपलीभोवती बोलल्या जातात, शिवाय ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी यांचं बोलणं वेगळंच. साहेबाचे खंड बाजाराला माहीत नसतात. पुढे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची जी पुस्तकमाला केली, तिच्यातला एक खंड ठाणे जिल्ह्यातल्या वारलीचा आहे. जव्हार-मोखाडा आज ज्यात आहेत तो पालघर तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ला झाला.

ग्रिअर्सनचे बारा शब्द हातात घेऊन बसलं की त्यांचे दोन ढीग पडतात.

पहिल्या ढिगात हात, पाय, दात, कान, केस, जीभ, पाठ. हे सात शब्द संस्कृतापासून प्राकृतमार्गे सरळ चालत आले, वाटेत फक्त झिजले. हस्त, मग हत्थ, मग हात. कर्ण, मग कण्ण, मग कान. जिह्वा, जिब्भा, जीभ. जोडाक्षर आधी एका जातीचं होतं, मग त्यातलं एक व्यंजन गळतं आणि त्याच्या भरपाईला आधीचा स्वर लांबतो. हीच घासणी सप्तला सात करते, अष्टला आठ, कर्मला काम. लहर म्हणून एखादा शब्द बदलला असं इथे नाही. नियम लागला की तो सगळ्या गावाला लागतो. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरचं आपलं पुस्तक १९२० साली काढलं, ते अशाच नियमांवर उभं आहे.

या ढिगातला ‘पाठ’ मला विशेष आवडतो. पृष्ठमधल्या ‘ऋ’चं काय करायचं यावर मराठी आणि हिंदी वेगळ्या वाटांनी गेल्या. मराठीने ‘अ’ केला, हिंदीने ‘इ’. म्हणून आपली पाठ, त्यांची पीठ. मृत्तिकेची आपल्याकडे माती, त्यांच्याकडे मिट्टी. एवढ्याशा फरकावरून एखादी बोली कोणत्या अंगणातली ते सांगता येतं. वारली असो वा कातकरी, हात-पाय-कान-दात तिथेही हात-पाय-कान-दातच. त्यांना ‘मोडकी मराठी’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की ही मराठी मोडून झालेली भाषा नाही. पुण्याच्या मराठीने जे प्राकृताकडून घेतलं तेच यांनीही घेतलं, एकाच हंड्यातलं.

असाच हिशेब अरबी, हिब्रू आणि त्यांच्या सेमिटिक भावंडांत मांडला की चित्र आणखी स्वच्छ दिसतं. कान हिब्रूत ओझेन, अरबीत उधुन, आणि चार हजार वर्षांपूर्वी इराकात मातीच्या विटांवर खिळ्यांच्या लिपीत लिहिलेल्या अक्कादी भाषेत उझ्नु. जीभ लाशोन, लिसान, लिशानु. दात शेन आणि सिन्न. डोकं रोश आणि रास. हिब्रूच्या ‘श’ला अरबीत ‘स’ मिळतो, हे कोणी शिकवलं नाही तरी आपल्याला ठाऊक असतं, कारण शालोम आणि सलाम दोन्ही आपण ऐकलेले असतात. पाठ-पीठ हे जे आपल्याकडे, तेच शेन-सिन्न तिकडे.

हिब्रू आपल्याला वाटते तितकी लांबची नाही. कोकणातले बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलले आणि प्रार्थना हिब्रूत केली. जव्हार ज्या जिल्ह्यात इतकी वर्षं होतं त्या ठाण्याच्या मुख्यालयातलं शार हाशमायिम हे प्रार्थनामंदिर १८७९ सालचं आहे. ज्यू मंडळींत तोराच्या गुंडाळीला बोट लावून वाचत नाहीत. ओळीवरून फिरवायला एक कांडी असते आणि तिच्या टोकाला तर्जनी पुढे केलेला एवढासा हात. त्या कांडीचं नाव ‘याद’. हिब्रूत याद म्हणजे हात, अरबीतला यद तोच, अक्कादीतला इदु तोच. आता यात जरा पुढे गेलं तर हिब्रूच्या काही मुळाक्षरांची नावंच अवयवांची आहेत: योद हात, काफ तळहात, आयिन डोळा, पे तोंड, रेश डोकं, शिन दात. अक्षर म्हणजे मुळात त्या अवयवाचं चित्र होतं. रोमन लिपीतला गोल ‘ओ’ हा त्या आयिनचा वंशज, म्हणजे कधीकाळचा डोळा. आणि आपली लिपी? पालघर जिल्ह्यातच, सोपाऱ्याला, भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो ब्राह्मीत आहे आणि आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. ब्राह्मीचं मूळ सेमिटिक लिपीत आहे असं गेओर्ग ब्यूलर यांनी मांडलं, ते मान्य नसलेले विद्वानही कमी नाहीत. तो वाद त्यांच्यावर सोपवून आपण दुसऱ्या ढिगाकडे वळू.

दुसऱ्या ढिगात डोळा, पोट, डोकं, नाक आणि तोंड. चेहऱ्यावरचं जवळजवळ सगळंच! संस्कृतातलं अक्षि झिजून हिंदीत आँख झालं, गुजरातीत आंख झालं. मराठीने ते कुठेतरी टाकून दिलं आणि प्राकृतातल्या ‘डोल’चा डोळा उचलला. जव्हारहून उत्तरेला सिल्वासा आणि पुढे गुजरात फार लांब नाही, म्हणजे डोळा आणि आंख यांची शीव इथेच कुठेतरी रानातून जाते. बरं, डोळाही सगळीकडे डोळा राहत नाही. समुद्राकाठच्या आगरी-कोळ्यांच्या तोंडी तो डोला होतो, घाटापलीकडे खानदेशात अहिराणीत डोया. जव्हार-मोखाडा या दोहोंच्या मधे आहे.

पोटाचंही तेच. उदराचं मराठीत काही उरलं नाही, प्राकृतातल्या पोट्टने जागा घेतली. व्याकरणकारांना ज्या शब्दांचं संस्कृत मूळ दाखवता येईना त्यांना ते ‘देशी’ म्हणत, आणि अशा शब्दांचा कोशच हेमचंद्राने बाराव्या शतकात केला. डोकं ना शिरसातून आलं ना मस्तकातून. मस्तकाचा माथा झाला, तो आपण डोंगराला देऊन टाकला. नाक तर फसवं आहे. नासिकेची ती लेक वाटते, पण प्राकृतात ती ‘नक्क’ म्हणून वेगळ्या दाराने येते. नासिका हवी असेल तर मोखाड्याहून त्र्यंबकचा घाट चढावा, पुढे नाशिक आहे. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक तिथे कापलं म्हणून ते नाव, ही आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. भाषेतून गेलेलं नाक गावाच्या पाटीवर शिल्लक राहिलं.

उरलं तोंड. संस्कृतात तुंड म्हणजे चोच, फार तर सोंड किंवा थुतर. वक्रतुंड आठवा. माणसाच्या मुखाला चोच म्हणणं हा उघड टवाळपणा होता आणि तो टवाळपणाच पुढे शिष्ट शब्द झाला. मुख बिचारं मुखवट्यात उरलं. मोखाड्याच्या बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे चढवून सोंगं नाचतात तेव्हा ते मुख वर्षातून एकदा बाहेर निघतं. अशी थट्टा सगळेच करतात. रोमन सैनिक डोक्याला मडकं म्हणायचे, त्या लॅटिन ‘टेस्टा’चंच फ्रेंच ‘तेत’ झालं आणि आज फ्रान्सचा राष्ट्राध्यक्षसुद्धा खांद्यावर मडकंच घेऊन फिरतो. तेव्हा आपल्या थोबाड, मुस्काट, टाळकं, तंगडी या मंडळींना कमी लेखू नये. पाचशे वर्षांनी शाळेच्या पुस्तकात ‘थोबाड स्वच्छ धुवावे’ असं छापलेलं असू शकेल.

सेमिटिक घरातही जुने टिकले आणि नवे आले, फक्त त्यांनी वेगळा अवयव बदलला. हृदयाला हिब्रूत लेव, अक्कादीत लिब्बु. अरबीत याच धातूचा लुब्ब आहे, पण त्याचा अर्थ गाभा, बी, मगज. हृदयासाठी अरबीने कल्ब घेतला, उलटणं-पालटणं या अर्थाच्या धातूतला. गुडघ्याची गोष्ट त्याहून मजेची. हिब्रूत बेरेख, अक्कादीत बिर्कु, आणि अरबीत रुक्बा. ब-र-क होतं ते र-क-ब झालं. लहान मूल ‘चमचा’चं ‘मचचा’ करतं, तसं एका अख्ख्या भाषेने केलं आणि ते कायम राहिलं. यकृताला हिब्रूत कावेद म्हणतात, आणि कावेद म्हणजेच जड. मेलेल्या जनावराचं पोट उघडून आतला सर्वांत वजनदार तुकडा कुणीतरी तळहातावर घेतला असणार. नाकाला हिब्रूत आफ, आणि आफ म्हणजे रागसुद्धा. यावर मराठी माणसाला टिपणीची गरज नाही. आपल्याही कित्येकांचा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो.

अवयव शरीरात बसून राहत नाहीत, ते जमिनीवर उतरतात. जव्हारचा डोंगर बघा. त्याला पायथा आहे, माथा आहे, कूस आहे, सोंड आहे. कूस म्हणजे कुक्षी, पोटाची बाजू. पण सगळ्यांत लपून बसलेला शब्द नदीचा काठ. जुन्या पुस्तकांत तो ‘कांठ’ असा अनुस्वार देऊन छापलेला सापडतो, आणि तो अनुस्वारच चुगली करतो: कांठ म्हणजे कंठ, गळा. हिब्रूत साफा म्हणजे ओठ आणि किनाराही, शिवाय भाषाही. तिकडे पाणी ओठाला टेकतं, इकडे गळ्याला.

आणि मग पाणी. अरबीत ऐन म्हणजे डोळा आणि ऐन म्हणजेच झरा. सगळ्या सेमिटिक प्रदेशात पाण्याच्या जागांची नावं अशी आहेत: इस्रायलातलं एन-गेदी, अमिरातीतलं अल-ऐन. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत चमकणारं एवढंसं ओलं वर्तुळ डोळ्यासारखं दिसतं, यात काव्य काहीच नाही, तहान आहे. फारसीतही चश्म म्हणजे डोळा आणि चश्मा म्हणजे झरा. तोच चष्मा काचांचा होऊन आपल्या नाकावर येऊन बसला. अरबी ऐनही मराठीत आलाय आणि आपण तो रोज वापरतो. अरबीत डोळ्यावरून ‘तेच नेमकं, खुद्द तेच’ असा अर्थ झाला, आणि तो अर्थ धरून ऐन वेळी, ऐन पावसात, ऐन तारुण्यात हे सगळे आपल्याकडे आले. जव्हारच्या जंगलात ऐन नावाचं झाड ढिगाने आहे, मगरीच्या पाठीसारख्या सालीचं. त्याचा या ऐनाशी काही संबंध नाही. नावं सारखी दिसली की नातं लावायचा मोह होतो, आणि हौशी व्युत्पत्तिकार नेमका इथेच पडतो. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं होत नाही; नियम जुळावा लागतो.

ऐन उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर बायका खडकातल्या झऱ्यापाशी वाटीने पाणी गोळा करत रांगेत बसलेल्या दिसतात. वाटी भरते, हंड्यात जाते, पुन्हा तळाशी थोडं पाणी जमेपर्यंत थांबायचं. याच तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं. झऱ्याला डोळा का म्हणत असतील हे समजायला अरबस्तानात जायची गरज नाही.

शरीराचे शब्द उसने येत नाहीत म्हटलं, पण १४ टक्के येतातच, आणि मराठीत कोणते आले ते पाहण्यासारखं आहे. चेहरा फारसी. कंबर फारसी, ‘कमर’. बगल फारसी. पंजा फारसी, पंज म्हणजे पाच यावरून. हे चारही वेगळे काढता येतील असे अवयव नाहीत, ते शरीराचे टापू आहेत. चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड यांची मिळून झालेली जागा. कंबरेची सीमा कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कुणी सांगावं? माझा तर्क असा की कंबर एकटी आली नाही, कमरबंदाबरोबर आली. कपड्यांचे शब्द सहज उसने येतात हे वर आलंच. पट्टा बांधणाऱ्या शिपाईगिरीने ज्या जागी पट्टा बांधायचा तिचं नावही आणलं. मग ते रानात पोचलं, आणि मागे कोयता अडकवतात तीही कंबरच झाली. बगल आली तरी काख हलली नाही. कक्षातून आलेली काख अजूनही कळसा सांभाळून आहे, बगल मुख्यतः टाळाटाळीच्या कामाला, बगल द्यायला. आणि चेहऱ्यावाचून फार अडत नाही, हे वारली चित्रांनी दाखवलंच आहे: दोन त्रिकोणांचं धड, वर एक गोल, त्यात ना डोळे ना नाक, तरी माणूस नाचतो आहे की पाणी भरतो आहे ते लांबून कळतं. जिगरही फारसी, पण तो शिरपावातल्या ‘सर’सारखाच घरचा निघतो. जिगर आणि संस्कृत यकृत हे सख्खे चुलत. जिगरी दोस्त म्हणजे, काटेकोर भाषांतर करायचं तर, यकृताचा मित्र.

एक निरीक्षण व्याकरणाचं. अरबीत आणि हिब्रूत जे अवयव जोडीने असतात ते बहुतेक स्त्रीलिंगी: डोळा, कान, हात, पाय. एकएकटे असतात ते बहुतेक पुल्लिंगी. मराठीत उलटं पडतं. हात, पाय, कान, डोळा, ओठ, गाल, खांदा, गुडघा ही सगळी जोडीची माणसं पुल्लिंगी, आणि एकटी असणारी नाक, तोंड, डोकं, पोट, कपाळ नपुंसकलिंगी. भुवई, मांडी, पापणी, टाच नियम मोडतात, अरबीतही मोडणाऱ्या आहेत. संस्कृतात जोडीसाठी वेगळं द्विवचन होतं, हस्तौ, पादौ. प्राकृताने ते सोडलं. हिब्रूने अवयवांसारख्या मोजक्या शब्दांत आजवर जपलं आहे: यादायिम म्हणजे दोन हात, ओझ्नायिम म्हणजे दोन कान. या दोन घराण्यांत लिंगांची वाटणी जवळजवळ उलटी का पडावी, याचं मला पटेल असं उत्तर मी कुठे वाचलेलं नाही. बहुधा तो योगायोग असावा. पण योगायोग सुबक आहे.

आता जरा व्यवहाराचं. मराठीत ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत कुठेही असतो आणि ‘पाय’ जांघेपासून अंगठ्यापर्यंत. इंग्रजी यांचे दोन-दोन तुकडे करते, मराठी करत नाही. इंग्रजीतून डॉक्टरकी शिकून आलेल्या मुलाला ‘पाय दुखतो’ हे वाक्य अर्धवट वाटतं. म्हातारीच्या दृष्टीने ते पूर्ण असतं. काळीज त्याहून अवघड. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की यकृत मिळतं, कवितेत काळीज म्हटलं की हृदय धडधडतं. दोन्ही एकाच शब्दाची रूपं, कालेय या यकृतवाचक संस्कृत शब्दाची. तेव्हा ‘काळजात कळ येते’ असं कुणी म्हटलं तर बोट ठेवायला सांगावं, अंदाज करू नये. ढोपराने तर मी स्वतः मार खाल्लेला आहे. माझ्या समजुतीत ढोपर म्हणजे कोपर. कोकणातल्या कित्येक घरांत ढोपर म्हणजे गुडघा. एका दवाखान्यात, नाव कशाला, एका बाईंचं ढोपर दुखत होतं, ते मी मदत म्हणून ‘कोपर दुखतंय’ असं भाषांतर करून सांगितलं, आणि कंपाउंडरने त्यांचा हात धरला. बाई पदराआड हसत राहिल्या, मग त्यांनी स्वतःच लुगडं वर सारून सुजलेला गुडघा दाखवला. दुसऱ्या अवयवाचं नाव उचलायची ही सवय भाषांना जुनीच आहे. कोपर मात्र आपल्या जागी घट्ट आहे, ते संस्कृत कूर्परापासून हललेलं नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं आणि त्याचे नकाशे संकेतस्थळावर सर्वांना खुले ठेवले आहेत. तरी प्रत्येक पाड्यावर कुणी विद्यापीठवाला पोचत नाही. पोचतो तो जिल्हा परिषद शाळेचा गुरुजी, आश्रमशाळेची बाई, आशा ताई आणि सुट्टीला घरी आलेला नातू. ग्रिअर्सनला बारा शब्दांसाठी कलेक्टर, मामलेदार अशी उतरंड लागली होती, तुमच्या खिशात फोन आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर बसा आणि ते बारा शब्द रेकॉर्ड करा. त्यांना काळीज, बोट, मान, कोपर आणि ढोपर जोडा. शब्द आपण उच्चारून ‘तुम्ही असंच म्हणता ना?’ असं विचारू नका, समोरचा मान राखायला होच म्हणतो. स्वतःच्या अंगाला बोट लावा आणि ‘याला काय म्हणता?’ एवढंच विचारा. गावाचं आणि पाड्याचं नाव, आजीचं माहेर कुठलं, हे सोबत लिहून ठेवा, कारण बोली सासरी येतात. आणि ढोपर लिहाल तेव्हा पुढे हाताचं की पायाचं तेही लिहा.